लघवीतलं ऑक्झलेट पटत नसेल, तर मशीनआधी कॅन बघा

मुतखड्याच्या पेशंटची कॅनमध्ये जमवलेली २४ तासांची लघवी येते, ऑक्झलेटचा (कॅल्शियमशी जुळून खडे करणाऱ्या क्षाराचा) आकडा निघतो, रिपोर्ट जातो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन येतो, "हा आकडा पेशंटशी जुळत नाही." जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सांभाळताना हा फोन मी वर्षानुवर्षं घेत आले आहे. उन्हाळ्यात तो जास्त येतो, कारण लघवी घट्ट होते आणि खाली सांगितलेली निम्मी भानगड घट्ट लघवीतच होते.

आमच्याकडे आणि बहुतेक मध्यम लॅबमध्ये एन्झाइमची पद्धत चालते. ऑक्झलेट ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्झलेटचं कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडच्या मदतीने एमबीटीएच आणि डीएमएबी या दोन रसायनांतून निळा रंग तयार करतं आणि तो ५९० नॅनोमीटरवर मोजला जातो. रंग जितका गडद तितकं ऑक्झलेट जास्त. ही साखळी डोक्यात पक्की असली की बिघाड कुठल्या कडीत आहे ते सापडतं. आयन क्रोमॅटोग्राफी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री असलेल्या लॅबला यातल्या रंगाच्या तपासण्या लागू नाहीत. कॅनच्या मात्र सगळ्या लागू आहेत.

लक्षणं

- वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणाऱ्या पेशंटचा आकडा अगदी कमी येतो, दिवसाला १०-१५ मिलिग्रॅम.
- एकाच कॅनमधून दोनदा नमुना घेतला तर दोन वेगळे आकडे येतात.
- काहीच कारण दिसत नसताना ७०-८० मिलिग्रॅम येतं आणि पुढच्या आठवड्यात तेच ३० वर उतरतं.
- ब्लँकलाच (ऑक्झलेट नसलेल्या, शून्य बघायला लावलेल्या नमुन्याला) निळसर छटा येते.
- कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना) आणि सगळे पेशंट एकाच दिशेने वर किंवा खाली सरकलेले असतात.

यातलं शेवटचं लक्षण असेल, तर गडबड रिएजंट (टेस्टची रसायनं), स्टँडर्ड (ज्याच्याशी तुलना करून आकडा काढतात ते ठरावीक ऑक्झलेटचं द्रावण) किंवा मशीनमध्ये आहे. खालच्या कॅनच्या तपासण्या सोडून थेट ब्लँकपाशी जा. कंट्रोल चोख आणि एखाददुसराच पेशंट चुकलेला असेल, तर चूक नमुन्यात आहे. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बाजारात मिळणाऱ्या कंट्रोलमध्ये तळाशी बसलेले स्फटिक नसतात, त्या कंट्रोलने रात्री व्हिटॅमिन सीची गोळी खाल्लेली नसते आणि तो प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दिवसभर उन्हात ठेवलेला नसतो. त्यामुळे कंट्रोल पास झाला म्हणून पेशंटचा आकडा बरोबर, असं या टेस्टमध्ये कधीच म्हणता येत नाही. या विषयावर नव्या टेक्निशियनशी माझं सगळ्यात जास्त बोलणं याच मुद्द्यावर होतं.

आधी कागद

याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. वर्कशीट काढा आणि हिशोब हाताने पुन्हा करा. समजा मशीनने लिटरमागे ०.२२ मिलिमोल दिलं आणि लघवी १.८ लिटर होती. म्हणजे दिवसाला ०.३९६ मिलिमोल, साधारण ३५ मिलिग्रॅम. आता नमुना डायल्युअंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) निम्मा पातळ केलेला असताना त्याची दुप्पट करायची राहून गेली, तर हाच माणूस १८ मिलिग्रॅमवर येतो आणि कुणाला शंकाही येत नाही. नवं कीट आलं किंवा मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम भरला, की हा गुणक हमखास हरवतो.

युनिट बघा. १ मिलिमोल म्हणजे ऑक्झलेट म्हणून मोजलं तर ८८ मिलिग्रॅम आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिड म्हणून मोजलं तर ९०. हा फरक किरकोळ आहे. पण पेशंटचा जुना रिपोर्ट मिलिमोलमध्ये आणि तुमचा मिलिग्रॅममध्ये असेल, तर घाईत बघणाऱ्या माणसाला दोन आकड्यांचा मेळ लागत नाही. ढोबळमानाने मोठ्या माणसात दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमोलच्या आत, नॉर्मल धरतात. तुमच्या कीटच्या माहितीपत्रकात पुरुष आणि बायकांसाठी वेगळ्या मर्यादा असतील तर त्याच छापा.

लघवीचं एकूण माप कुणी लिहिलं तेही विचारा. कॅनवरच्या रेघा अंदाजाच्या असतात, मोजपात्राने मोजलेलं असलं पाहिजे.

मग पेशंटला फोन

हा फोन टाळू नका. रिएजंटच्या एका बाटलीपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

पहिला प्रश्न लघवी कशी जमवली याचा. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून घड्याळ लावायचं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरून थांबायचं. अर्धे लोक दोन्ही सकाळच्या धरतात, काही दोन्ही टाकतात. ऑफिसात किंवा शेतावर असताना केलेली लघवी कॅनमध्ये नसतेच. हे तपासायला त्याच कॅनमधलं क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक पडणारा पदार्थ) करा. पुरुषात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम आणि बायकांत १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन पडतं. ६० किलोच्या पुरुषाचं १२०० ते १५०० यायला हवं, आणि आलं ७०० तर कॅन अर्धाच भरला आहे. म्हाताऱ्या आणि अगदी बारीक माणसांत ते मुळातच कमी असतं, तेवढी सूट द्या. क्रिएटिनिन जुळत नसेल तर पुढचं काहीही तपासू नका, नवा कॅन मागवा.

दुसरा प्रश्न खाण्याचा. पालक, अळू, आंबट चुका, राजगिऱ्याचा पाला, बीट, बदाम, काजू, कडक चहा या सगळ्यांत ऑक्झलेट भरपूर. आदल्या दिवशी घरी अळूचं फदफदं झालं असेल आणि त्यात चुकाही पडला असेल, तर वाढलेला आकडा खरा आहे, लॅबची चूक नाही. अशा वेळी आकडा "दुरुस्त" करायच्या मागे लागू नका. डॉक्टरांना आहार कळवा आणि नेहमीच्या जेवणावर टेस्ट पुन्हा करायला सांगा.

तिसरा प्रश्न व्हिटॅमिन सीचा, आणि तो नीट विचारावा लागतो. "औषधं कुठली चालू आहेत?" असं विचारलं की "बीपीची फक्त" असं उत्तर येतं. मी विचारते, "काका, चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या घेता का? पाण्यात टाकल्या की फसफसतात तशा?" मग आठवतं. ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी लोकांच्या लेखी औषध नसतंच. तिचा घोळ पुढे सांगते.

आता कॅन

इथे थांबून नीट बघा, कारण या टेस्टमधल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

कॅन हलवायच्या आधी उजेडासमोर तिरका धरा. तळाच्या कडेला पांढुरका, बारीक रव्यासारखा थर दिसतो का? कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लघवी गार झाली, फ्रीजमध्ये राहिली, की ते स्फटिक होऊन तळाला बसतं. कलेक्शन काउंटरवरचा मुलगा वरची स्वच्छ लघवी १० मिलीच्या नळीत ओततो, बाकी फेकून देतो आणि नळी लॅबला पाठवतो. जे मोजायचं होतं ते बेसिनमध्ये गेलं. नळीत जे उरलं त्याचा आकडा कमीच येणार, आणि तुमचं मशीन तो कमी आकडा अगदी प्रामाणिकपणे देणार.

आमच्याकडे बाहेरच्या कलेक्शन सेंटरवरून आलेले एका पेशंटचे आकडे सतत कमी येत होते. शेवटी नळीऐवजी अख्खा कॅन मागवला. आधी वरूनच नमुना घेतला, मग पूर्ण कॅन अ‍ॅसिड घालून, कोमट करून, ढवळून पुन्हा नमुना घेतला. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास दुप्पट होता. लघवी तीच, मशीन तेच, दुपारही तीच.

त्यामुळे नियम असा की अ‍ॅसिड कॅनमध्ये घालायचं, नळीत नाही. नळीत घातलेलं अ‍ॅसिड कॅनच्या तळाशी राहिलेले स्फटिक विरघळवू शकत नाही. पद्धत अशी:

१. आधी एकूण माप घ्या आणि लिहून ठेवा.
२. क्रिएटिनिन आणि युरिक अ‍ॅसिडसाठी नीट ढवळून वेगळी नळी काढा. अ‍ॅसिडमध्ये युरिक अ‍ॅसिडचेच स्फटिक होतात आणि त्याचा आकडा पडतो. मुतखड्याच्या पेशंटला दोन्ही टेस्ट लागतात, म्हणून ही नळी विसरू नका.
३. उरलेल्या कॅनमध्ये ६ मोलरचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १० मिली घाला, ढवळा, पीएचची पट्टी बुडवा. पीएच २ च्या खाली येईपर्यंत थोडंथोडं घालत जा.
४. कॅन ३७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, मधूनमधून हलवा. तळ पुन्हा उजेडात बघा. थर गेला की मगच नमुना घ्या.

अ‍ॅसिड हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, उलट नाही. ज्या कॅनला ब्लीचचा वास येतोय त्यात तर अ‍ॅसिड अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचने धुऊन पुन्हा वापरलेले कॅन या टेस्टला मुळातच देऊ नयेत, कारण उरलेलं ब्लीच रंगाच्या रसायनांचं स्वतःच ऑक्सिडेशन करून आकडा खोटा वाढवतं.

अ‍ॅसिड आधीच घालून कॅन घरी द्यावा का, यावर लॅबा-लॅबांत मतभेद आहेत. मी देत नाही. घरात लहान मुलं असतात, कॅनमध्ये थेट लघवी करताना अंगावर उडतं आणि लेबल कुणी वाचत नाही. मी कॅन थंड जागी ठेवायला सांगते आणि लॅबमध्ये आल्याआल्या अ‍ॅसिड घालते. थंडीने स्फटिक बसतात, पण अ‍ॅसिडने ते परत विरघळतात. उलट उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये जे होतं ते परत फिरवता येत नाही, आणि त्याचं कारण व्हिटॅमिन सी.

व्हिटॅमिन सी दोन्ही बाजूंनी मारतं

पहिली बाजू: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड साखळीत तयार झालेलं पेरॉक्साइड खाऊन टाकतं. रंग येत नाही, आकडा खोटा कमी. साखरेच्या युरिन पट्टीवर व्हिटॅमिन सीने जो घोळ होतो तोच हा.

दुसरी बाजू: लघवी अ‍ॅसिडिक नसेल आणि उबेला पडून राहिली, तर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आपोआप मोडून त्याचंच ऑक्झलेट होतं. आकडा खोटा जास्त. लघवीत इन्फेक्शन असेल आणि जंतूंनी युरिया मोडून ती अल्कलाइन केली असेल, तर हे आणखी वेगाने होतं. कॅन आल्यावर पीएच ८ दिसला तर मी तो ऑक्झलेटसाठी घेतच नाही.

शिवाय मोठ्या डोसमधलं व्हिटॅमिन सी शरीरातही ऑक्झलेट वाढवतं आणि ती वाढ खरी असते. एकाच गोळीचे तीन परिणाम, दोन वर नेणारे, एक खाली आणणारा. म्हणूनच काही दिवस गोळी बंद ठेवून नवा कॅन घेणं हाच यातला सरळ मार्ग आहे.

हे पकडायचे दोन स्वस्त उपाय. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा चौकोन असलेल्या युरिन पट्ट्या मिळतात, त्या ठेवा, पण पट्टी अ‍ॅसिड घालण्यापूर्वीच्या लघवीत बुडवा. आणि नमुना दुप्पट, चौपट पातळ करून पुन्हा लावा. पातळपणाने गुणून आकडा तोच आला तर अडथळा नाही. गुणून आकडा चढत गेला, तर काहीतरी रंग दाबतंय आणि पातळ केल्यावर त्याचा जोर कमी होतोय.

कोळसा आणि पीएच

बऱ्याच कीटमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची नळी असते. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि रंगद्रव्यं शोषून घेणं हे तिचं काम. इथे पीएच महत्त्वाचा. कॅन २ च्या खाली नेलेला असतो आणि चारकोलच्या पायरीला माहितीपत्रक बहुधा ५ ते ७ मागतं. डायल्युअंट घातल्यावर पट्टीने बघा, लागेल तसा पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घाला. ७ च्या वर गेलं तर तो नमुना टाका आणि नवा घ्या. पीएच जुळवलेला नमुना चहाच्या सुट्टीपर्यंत टेबलावर ठेवू नका, लगेच पुढे न्या.

हलवायची वेळ घड्याळ लावून पाळा. सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी बारीक पिपेटने, तळाला न टोचता घ्या. कोळशाची धूळ क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या छोट्या भांड्यात) आली की प्रकाश अडतो आणि आकडा वाढतो. शंका आली तर एन्झाइमशिवायचा सॅम्पल ब्लँक लावा, त्यातही वाचन आलं तर ती धूळ आहे किंवा लघवीचा स्वतःचा रंग.

कंट्रोलही याच चारकोलच्या नळीतून न्यायचा. वेळ वाचवायला तो थेट लावतात, आणि मग चारकोलची पायरी कुणीच तपासत नाही.

ब्लँक, पाणी, रिएजंट

ब्लँक निळसर असेल तर आधी पाणी बदला, मग काच. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुतलेलं, साबण-ब्लीचचा अंश नसलेलं सामान वापरा. ब्लँक ठीक पण सगळेच आकडे दबलेले असतील तर कुठे सोडियम अझाइड तर नाही ना, ते बघा. पाण्यात किंवा कंट्रोलमध्ये टिकाऊपणासाठी ते असू शकतं, आणि ते पेरॉक्सिडेजला बंद पाडतं.

एन्झाइमची बाटली पातळ केल्याची तारीख बघा, फ्रीजचं तापमान बघा. (एन्झाइम साधारणपणे जवाच्या रोपांतून काढतात. काही वनस्पतींतलं हेच एन्झाइम क्लोराइडने मंदावतं आणि लघवीत तर मीठ भरलेलं. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात आपल्या ज्वारीच्या पानांतून क्लोराइडला न जुमानणारं ऑक्झलेट ऑक्सिडेज वेगळं केलं गेलं, ते मला फार कौतुकाचं वाटतं.)

स्टँडर्ड लॅबमध्येच करत असाल तर बाटलीवरचं लेबल शब्दशः वाचा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड बहुधा डायहायड्रेट असतं, त्याचं मोलर वजन १२६, पाण्याशिवायचं ९०. लिटरला १ मिलिमोल करायला १२६ मिलिग्रॅम हवं. ९० घेतलं तर स्टँडर्ड ०.७१ चाच होतो आणि तुमचे सगळे पेशंट ४० टक्क्यांनी वाढून येतात. मी सोडियम ऑक्झलेट वापरते, १३४ मिलिग्रॅम. ते हवेतलं पाणी धरत नाही आणि वजनात फसवत नाही.

रिकव्हरी

इतकं करूनही पटत नसेल तर हा निकाल लावणारा प्रयोग: मुद्दाम घातलेलं ऑक्झलेट मोजणीत किती परत मिळतं ते बघायचं. पेशंटच्या ०.९ मिली लघवीत ५ मिलिमोलच्या ऑक्झलेट स्टँडर्डचं ०.१ मिली घाला, म्हणजे लिटरमागे ०.५ मिलिमोल वाढलं. मूळ आकड्याला ०.९ ने गुणा, तो नव्या आकड्यातून वजा करा, ०.५ ने भागा. ९० ते ११० टक्के आलं तर पद्धत नीट चाललीय, आकडा मान्य करा. ६० टक्के आलं तर त्या लघवीत अजून काहीतरी अडवणारं आहे. मिसळलेल्या नमुन्याचा आकडा कीटच्या वरच्या मर्यादेच्या आत आहे ना, तेवढं बघून घ्या. स्टँडर्डचीच रिकव्हरी साध्या पाण्यात नीट आली नाही तर दोष तुमच्या पिपेटचा.

मशीनचं राहिलं. दिवा, फिल्टर, ३७ अंश तापमान. त्याच मशीनवरच्या बाकी टेस्ट सरळ येत असतील तर इथे वेळ घालवू नका.

कुठे थांबायचं

नवा लॉट, नवा स्टँडर्ड, स्वच्छ पाणी असूनही कंट्रोल बाहेरच असेल तर रिपोर्ट रोखा आणि कीट कंपनीच्या अ‍ॅप्लिकेशनच्या माणसाला बोलवा. फॅक्टर बदलून कंट्रोल आत बसवणं हा उपाय नाही. मशीनचा दिवा आणि ऑप्टिक्स सर्व्हिस इंजिनिअरकडेच द्या.

कंट्रोल चांगला, कॅन नीट, तरी एका पेशंटची रिकव्हरी वाईटच येते, तेव्हा नमुना मास स्पेक्ट्रोमेट्री किंवा आयन क्रोमॅटोग्राफी असलेल्या लॅबला पाठवा. अ‍ॅसिड घातलेला, बर्फावर, आणि सोबत एकूण माप, अ‍ॅसिड घातल्याची वेळ, पीएच आणि पेशंटच्या गोळ्यांची नोंद.

दोन प्रसंगी मात्र लॅबमध्ये डोकं खाजवत बसू नका, थेट डॉक्टरांना फोन करा. पहिला, ज्याची किडनीच कमी चाललीय त्याचा कमी आकडा. किडनी ऑक्झलेट बाहेर टाकू शकत नसेल तर लघवीत ते कमीच दिसणार, शरीरात मात्र साचत असेल. तिथे रक्तातलं ऑक्झलेट लागतं आणि तो निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा. दुसरा, लहान मुलाचा किंवा तरुण पेशंटचा आकडा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने दिवसाला १ मिलिमोलच्या, म्हणजे ९० मिलिग्रॅमच्या वर आणि नीट घेतलेल्या दुसऱ्या कॅनमध्येही तसाच. हा प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया हा जन्मजात आजार असू शकतो. त्यात किडनी निकामी होते, निदानाला जीनची तपासणी लागते, आणि २०२० पासून अमेरिका-युरोपात त्याच्या एका प्रकारावर लुमासिरान हे औषध मंजूर आहे. असा रिपोर्ट पोर्टलवर टाकून मोकळं होऊ नका. डॉक्टर फोनवर भेटेपर्यंत फोन करा आणि कुणाशी किती वाजता बोललात ते रजिस्टरला लिहा.